पाने गळणाऱ्या सीताफळाला पाणी घालू नका

प्रश्न : आम्ही कोल्हापूरजवळ पाचगावला राहतो. सहा वर्षांपूर्वी घर बांधले तेव्हा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे, म्हणून रोपवाटिकेत ‘पाण्यावाचून येणारे झाड द्या’ असे सांगून सीताफळाचे कलम आणले आणि अंगणात लावले. जमीन मुरमाड आहे. दोन वर्षांपूर्वी बोअरला पाणी लागले आणि मीही निवृत्त झालो, तेव्हापासून रोज संध्याकाळी झाडाला दोन बादल्या पाणी घालतो. तरीही जानेवारीच्या अखेरीपासून पाने पिवळी पडून गळत आहेत, म्हणून गेल्या आठवड्यात दोन मुठी युरियाही टाकला. मागच्या उन्हाळ्यात फुले शेकड्यांनी आली, पण जवळजवळ सगळी गळाली. फळे धरली चार. त्यांतली दोन काळी पडून फांदीवरच वाळली, एक वेडेवाकडे झाले आणि एक खारीने खाल्ले. शेजारचे अण्णा म्हणतात, झाड नर आहे, तोडा आणि आवळा लावा. मंडळींचे म्हणणे, खोडात खिळा ठोकून पाहावा. काय करावे? दुसरे असे की, सीताफळाच्या बिया वाटून नातीच्या केसांना उवांसाठी लावण्याचे घरात चालले आहे. ते योग्य आहे का?
– एक निवृत्त वाचक, पाचगाव

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

झाड तोडू नका आणि आजपासून त्याचे पाणी बंद करा. तुमच्या पत्रातली पानगळ हा रोग नव्हे. सीताफळाने थंडी सरता सरता पाने टाकावीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काही आठवडे उघडे उभे राहावे, हा त्याचा स्वभावच आहे. अवर्षण सोसण्याची त्याची जी कीर्ती आहे, ती याच सवयीमुळे. पाण्याचा खर्च पानांतून होतो, म्हणून पाणी नसण्याच्या दिवसांत ते पानेच ठेवत नाही. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरउतारांवर, जेथे माती वीतभर आणि खाली नुसता दगड, तेथे ही झाडे कोणी पाणी न घालता पिढ्यानुपिढ्या फळे देत आली आहेत, आणि बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तुमच्या झाडाने पहिली चार वर्षे तसेच दिवस काढले. बोअरला पाणी लागल्यापासून मात्र त्याची झोप मोडली आहे.

रोजच्या पाण्याने नेमके काय बिघडते, ते झाडाजवळ जाऊन स्वतःच पाहा. अजून हिरवे असलेले एखादे पान धरून त्याचा देठ हळूच खाली ओढा आणि तुटलेल्या देठाचे बूड उलटे करून बघा. तेथे टोपीला असते तशी एक बारीक खोबण दिसेल. फांदीवर देठाचा जो वण उरतो त्याच्या मधोमध, त्या खोबणीत आजवर झाकलेला, तपकिरी लव असलेला जेमतेम मोहरीएवढा डोळा दिसेल. पेरू, आंबा, जास्वंद या झाडांत डोळा पानाच्या बगलेत उघडा असतो, त्यामुळे पान असतानाही तेथून फूट निघू शकते. सीताफळाचा डोळा मात्र देठाच्या बुडाखाली कोंडलेला असतो, आणि पान गळाल्यावाचून त्याला वाट मिळत नाही. नवी फूट निघते ती या डोळ्यांतून आणि फुले येतात ती बहुतांशी या नव्या फुटीवर. ऐन विश्रांतीच्या दिवसांत आपण पाणी आणि नत्र देत राहिलो, की काही पाने गळतात, काही फांदीवर तशीच लोंबत राहतात, फूट एकदम न येता तुकड्यातुकड्याने येते आणि फुलेही तीन-चार महिने रडतखडत येत राहतात. डाळिंबवाले शेतकरी ज्याला ‘ताण देणे’ म्हणतात, म्हणजे काही काळ पाणी तोडून झाडाला विश्रांती देणे, तेच येथे करायचे आहे.

तेव्हा गुढीपाडव्यापर्यंत थेंबभरही पाणी देऊ नका. युरियाचे जे झाले ते झाले, पण पुन्हा टाकू नका, कारण पान नसलेले झाड त्याचा उपयोग करून घेऊ शकत नाही. झाड मेले तर काय, ही शंका मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या मनात नक्की येईल, कारण तोवर नुसत्या काटक्या उरलेल्या असतील. त्या वेळी करंगळीएवढ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा. खाली हिरवे आणि ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. माझ्या आयुष्यातले पहिले सीताफळ ही परीक्षा ठाऊक नसल्यामुळे मी ऐन मार्चमध्ये तोडून टाकले होते. पावसाळ्यात त्या बुंध्यातून हातभर लांबीचे नऊ-दहा फुटवे आले, तेव्हा कोयता चालवणाऱ्या गड्याला दोष देता येईना, कारण हुकूम माझाच होता. एक मात्र लक्षात ठेवावे : हा सल्ला तुमच्या झाडाएवढ्या मुरलेल्या झाडासाठी आहे. लावून दोन वर्षेही न झालेल्या कलमाला उन्हाळ्यात आठवड्याला एखादी बादली द्यावीच लागते. सीताफळाची मुळे फार खोल जात नाहीत, आणि लहान झाडाची तर नाहीतच.

पाडव्याच्या सुमारास धारदार कात्री घेऊन छाटणी करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढाव्यात, राहिलेल्यांचे गेल्या वर्षीचे वाढलेले शेंडे सुमारे एक तृतीयांश कापावेत आणि झाड सात-आठ फुटांच्या वर जाऊ देऊ नये, कारण पुढे फुलांपर्यंत तुमचा हात पोहोचायला हवा. या वेळी चिकटून राहिलेली पाने हाताने काढून टाकावीत. जाड फांद्यांच्या कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावावी. घरापुरती करायची तर शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत थोड्या थोड्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करावा आणि सगळे मिळून लिटरभर होईल एवढे पाणी घालावे. लोखंडी डबा मात्र वापरू नये.

छाटणीनंतर पाणी सुरू करायचे, पण पद्धत बदलून. खोडाशी दोन बादल्या ओतण्याने बुंधा ओला राहतो आणि पाणी पिणारी बारीक मुळे कोरडी राहतात. फांद्यांचा घेर जेथे संपतो त्याच्या खाली गोल आळे करा, त्यात तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मातीत मिसळा आणि आठवड्यातून एकदाच, पण तीन-चार बादल्या पाणी सावकाश मुरू द्या. रोजचे थोडे पाणी आणि आठवड्याचे भरपूर पाणी यांत फरक असा की, दुसऱ्यात दोन पाण्यांच्या मधल्या काळात मातीत हवा खेळते. आळ्यावर चार बोटे जाडीचे उसाचे पाचट पसरावे. आपल्या जिल्ह्यात ते मिळायला अडचण नाही, फडात पेटवण्यापेक्षा कोणीही आनंदाने भारा देईल. पाचट खोडाला भिडवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी आधी तेथे येते.

आता फुलांकडे वळू, कारण तुमची खरी तक्रार तीच आहे. अण्णांना नमस्कार सांगा आणि नर-मादी झाडे पपईत असतात, सीताफळात नसतात, हेही सांगा. सीताफळाच्या प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, अडचण एवढीच की ते एका वेळी तयार होत नाहीत. तीन जाड, हिरवट पिवळ्या पाकळ्यांचे ते खाली मान घातलेले फूल आधी जेमतेम किलकिले होते. तेव्हा आतला शंकूसारखा भाग ओला, चकचकीत आणि चिकट असतो, म्हणजे स्त्रीकेसर परागकणांसाठी तयार असतो, पण फुलाचे स्वतःचे पराग अजून मोकळे झालेले नसतात. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात, पुंकेसर सुटे होऊन पराग झडू लागतात, आणि तोवर तो शंकू सुकलेला असतो. म्हणजे एकाच घरात राहून दोघांची भेट होत नाही. ही भेट घडवून आणण्याचे काम मधमाश्या करत नाहीत. पिकलेल्या फळासारख्या वासाला भुलून पाकळ्यांच्या फटीतून आत शिरणारे तिळाएवढे भुंगेरे ते करतात. अंगणात ते पुरेसे नसले, किंवा कोणी फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारले, तर शेकडो फुले येऊन चार फळे धरणे यात नवल काही नाही. त्यात एप्रिल-मेची कोरडी हवा त्या चिकट शंकूला लवकर वाळवते, म्हणून कडक उन्हात आलेली फुले सर्वांत जास्त गळतात.

यावर उपाय तुमच्यासारख्या वेळ असलेल्या माणसासाठी फार सोपा आहे. वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन हवेत ओल आली, की पहाटे उजाडताच, फार तर आठच्या आत, एक लहान वाटी आणि चित्रकलेचा मऊ कुंचला घेऊन झाडाखाली उभे राहा. ज्या फुलांच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या आहेत आणि आतले पुंकेसर पांढरे न राहता मळकट पिवळसर झाले आहेत, ती फुले वाटीवर धरून टिचकी मारा. पुंकेसर भुशासारखे वाटीत पडतील आणि त्यांच्याबरोबर परागांचे पीठही पडेल. मग नुकतीच किलकिली झालेली फुले शोधा, एका हाताच्या दोन बोटांनी पाकळ्या हलकेच फाकवा, जरूर तर एक पाकळी मोडून टाका, आणि पिठात बुडवलेला कुंचला त्या ओल्या शंकूभोवती सगळीकडून दोन-तीनदा फिरवा. ‘सगळीकडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो शंकू म्हणजे एक स्त्रीकेसर नसून अनेकांचा जुडगा असतो, आणि त्यातला प्रत्येक पुढे फळाचा एक डोळा होतो. एका बाजूला पराग पोहोचले आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, तर पहिली बाजू फुगते, दुसरी बसलेली राहते. तुमचे वेडेवाकडे फळ असेच झाले असणार. ते खराब नव्हते, अर्धवट परागीभवन झालेले होते.

ज्या फुलांवर कुंचला फिरवला त्यांच्या देठाला रंगीत दोरा सैलसा बांधून ठेवा. आठवड्याभरात पाकळ्या गळून देठाशी हिरवा मणी घट्ट उभा दिसला, तर फळ धरले समजा. बोट लागताच सुटून आले, तर ते फूल वाया गेले. पहिल्या दिवशी दहातली दोन-तीन जरी धरली तरी हिरमुसू नका, कारण किती उघडलेले फूल घ्यायचे याचा अंदाज चार-पाच सकाळी गेल्यावर येतो. ‘अर्का सहन’सारख्या संकरित जातीचे झाड असेल तर हाताने परागीभवन केल्याशिवाय समाधानकारक फळे मिळणे कठीणच. तुमचे कलम कोणत्या जातीचे आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण बाळानगर किंवा साधे गावठी असले तरी या कामाने फळांची संख्या आणि आकार दोन्ही सुधारतात. भुंगेरे यावेत म्हणून काही बागवान झाडाखाली अननसाची किंवा जास्त पिकलेल्या केळ्याची साले ठेवतात. अंगण घरालगतच असल्याने चिलटांचा त्रास सोसण्याची तयारी असेल तरच तो प्रयोग करावा. सहा वर्षांच्या झाडावर पहिल्या खेपेस तीस-चाळीस फळांपेक्षा जास्त ठेवू नये, असे माझे मत आहे. हौसेने शंभर धरवली, तर सगळी लिंबाएवढी राहतात.

मृगाचा पाऊस लागला की पाणी पूर्ण बंद. आपल्या जिल्ह्याचे विचित्र असे आहे की एका टोकाला गगनबावड्याला छत्री मिटायला सवड नसते आणि दुसऱ्या टोकाला शिरोळ ढगांकडे डोळे लावून असते. पाचगाव या दोहोंच्या मध्ये असले तरी जुलैतली झड तुमच्याकडेही चार-चार दिवस हटत नाही. सीताफळ तहान सोसते, पण पाण्यात पाय बुडवून उभे राहणे त्याला मुळीच मानवत नाही. जूनच्या आधी आळे मोडून टाका आणि खोडाशी मातीची उतरती भर द्या, म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूला वाहून जाईल. हेच पत्र पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानातून आले असते, तर झाड उंच वरंब्यावर लावल्याशिवाय त्याची आशा धरू नका, असे मी लिहिले असते. तुमच्या मुरमाने ती काळजी बरीचशी मिटवली आहे. उलट ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली, तर मात्र हात आखडू नका. फळ पोसण्याचा काळ तोच असतो, आणि अवर्षण सोसणारे झाड म्हणून या दिवसांत ते कोरडे ठेवले तर झाड जगते, पण फळात गरापेक्षा बियाच जास्त भरतात.

काळी पडून वाळलेली फळे फांदीवर राहू देऊ नका, तोडून घरापासून दूर पुरून टाका, कारण त्यांतून बुरशी पुढच्या फळांवर जाते. पावसाळ्यात दाट फांद्यांत हवा न खेळणे हे त्याचे एक मोठे कारण असते आणि छाटणीने ते निम्मे कमी होईल. फळांच्या डोळ्यांमधल्या खाचांत कापसासारखे पांढरे काही दिसले, तर ते पिठ्या ढेकूण होत. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना फांदीफांदीवर पोहोचवतात, म्हणून बंदोबस्त मुंग्यांपासून सुरू करावा. खोडाला गुडघ्याच्या उंचीवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावे, आणि झाडाला टेकलेली भिंत, दोरी, फांदी, जे काही असेल ते दूर करावे, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून जातात. दिसलेले ढेकूण साबणाच्या पातळ पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासून काढावेत. दहा-वीस फळांसाठी विषारी औषध आणण्याची गरज मला दिसत नाही. खारीचा उपाय म्हणजे फळ वाढत आले की त्यावर जाळीची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी बांधणे. आमच्याकडे खारीने एकदा तीही कुरतडली, पण एकदाच.

फुले मे-जूनमध्ये धरली, तर फळे साधारण चार महिन्यांनी, म्हणजे दसऱ्याच्या मागेपुढे तयार होतात. डोळ्यांच्या मधल्या खाचा रुंद होऊन पिवळसर पांढऱ्या दिसू लागल्या, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे फळाचे डोळे उघडले, की देठासह कात्रीने कापून घ्यावे. झाडावर पिकू दिले तर ते फाटते आणि पाखरांचे होते. घरात दोन-चार दिवसांत ते मऊ पडते. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण साल काळी पडते आणि फळ नीट पिकतही नाही.

खिळ्याबद्दल थोडक्यात सांगते. जखम झालेले झाड घाबरून फळते, या समजुतीमागे ताणाचीच कल्पना आहे, पण त्या भोकातून बुरशी आणि खोडकिडे आत जातात. ताण द्यायचाच तर बोअरचे बटण बंद ठेवावे. आवळ्याबद्दल म्हणाल, तर झाड उत्तमच, तहान सोसणारेही, पण त्याच्या बऱ्याच सुधारित जातींना भरपूर फळ धरण्यासाठी जवळपास दुसऱ्या जातीचा आवळा लागतो. एकटा लावलात तर पाच-सहा वर्षांनी अण्णा पुन्हा ‘झाड नर आहे’ म्हणायला येतील. सहा वर्षांचे, मुळे धरलेले सीताफळ तोडून तेथे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

राहिला बियांचा प्रश्न, आणि येथे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. सीताफळाच्या बियांतला गर विषारी असतो. खाताना एखादी बी अख्खी गिळली गेली तर तिच्या टणक कवचामुळे ती तशीच बाहेर पडते, पण वाटलेल्या बियांची पूड किंवा तिचे पाणी केसांतून ओघळून डोळ्यांत गेले तर असह्य आग होते आणि बुबुळाला इजा होते. उवांसाठी हा घरगुती उपाय करताना डोळे दुखावून लोकांना दवाखान्यात जावे लागले आहे. लहान मुलीच्या डोक्यावर तर हा प्रयोग मुळीच करू नये. तिच्यासाठी बारीक दातांची फणी आणि औषधाच्या दुकानात मिळणारे उवांचे औषध डॉक्टरांना विचारून वापरावे. चुकून पूड डोळ्यात गेलीच, तर डोळा न चोळता स्वच्छ वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. पाटा किंवा मिक्सर बियांसाठी आधीच वापरला असेल, तर तो साबणाने दोनदा धुऊन मगच स्वयंपाकाला घ्यावा, आणि उरलेली पूड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा उघड्यावर न टाकता खोल पुरावी.